चांदण्या दाखवायला पौर्णिमा

अहो, पंचवीस वर्षं झाली, तरी आठवलं की डोकं फिरतं माझं! एका वेधशाळेला आमच्या वेल्हे तालुक्यातल्या गावांत विज्ञान पोचवायचं होतं. मी भोरला शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून मला नियोजनाच्या बैठकीला बोलावलं. ठरलं काय, तर गुंजवणे गावात दुर्बिणीतून तारे दाखवायचे आणि वर अंधश्रद्धेवर वेधशाळेच्या मोठ्या साहेबांचं भाषण.

मी म्हटलं, "अमावस्या धरा. अंधार चांगला मिळेल."

साहेब दचकलेच. "अमावस्येला उद्घाटन? छे छे! माझं काही नाही हो, पण खेड्यातली माणसं ती, त्यांना चालायचं नाही. पौर्णिमा धरा."

"साहेब, पौर्णिमेच्या उजेडात तारे दिसतील का?"

"गुरुजी, लोकांच्या भावना जपाव्या लागतात."

झालं! पौर्णिमेची पत्रकं छापली आणि गावात वाटायला मलाच धाडलं. हौसाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिला पत्रक वाचून दाखवलं.

"गुरुजी, चांदण्या बघायला पुनवंला कुनी बोलावतं व्हय? अवसंला का न्हाई?"

मी खाली मान घालून म्हटलं, "साहेब म्हणतात, तुम्हाला अवस चालत नाही."

"आमाला?" म्हातारी कडाडली. "आमाला कवा इचारलं त्यांनी?"