खंडेनवमीचा फायरवॉल

मला कॉम्प्युटर कोणी शिकवला न्हाई, आणि गरजबी पडली न्हाई. जुना जालन्यातल्या आमच्या घरी भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरवर मी फायरवॉल चालवते, तोही पेनड्राइव्हवरून. घरात येणारं सगळं नेट त्यातून गाळून येतं.

खंडेनवमीला माझ्या नातीची, रेखाची, नोकरीची मुलाखत ऑनलाइन चालू होती. कितीतरी अर्जांनंतर आलेलं पहिलंच बोलावणं. मध्येच लाईट गेली, लगेच आली, पण नेट येईना. जाऊन बघते तर पेनड्राइव्हच गायब.

“शांते, इथला पेनड्राइव्ह कुठंय?” मी धाकट्या जावेला विचारलं.

“देवापुढं हाय, अक्का. घराची राखण तोच करतो म्हणता ना तुम्ही? मंग विळ्या-कोयत्यासंगं त्याचीबी पूजा केली. पहाटेच काढला, नेट तर चालूच होतं की.”

बराबर होतं तिचं. एकदा सुरू झाला की फायरवॉल मेमरीत जाऊन बसतो. लाईट जाईपर्यंत पेनड्राइव्ह काढल्याचं कळतबी न्हाई. लाईट गेली की मेमरी कोरी, मंग पुन्हा सुरू व्हायला पेनड्राइव्हच लागतो.

रेखा रडकुंडीला आल्ती. मी पेनड्राइव्हच्या तोंडातलं हळदकुंकू दात घासायच्या ब्रशनं झाडलं, तो खोचला, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. नेट आलं.

पलीकडून साहेबांनी विचारलं, “काय झालं होतं?”

लाईटचं सांग, अशी मी खूण करून राह्यले, तर पोरगी खरंच बोलून गेली, “सर, आमचा फायरवॉल पूजेला बसला होता.”

साहेब हसायला लागले. “असू द्या. आमचा सर्व्हरपण पूजेलाच बसलाय, म्हणून तर मी मोबाईलवरून बोलतोय.”