स्वयंसेवक क्रमांक सात

बाबा : म्हणजे हा मी? हे करडं, भोपळ्याच्या फोडीसारखं?

मुलगी : तुमचं ओटीपोट आहे, बाबा. आडवं कापल्यासारखं दिसतं. कलिंगडाची चकती कापतात ना, तसं.

बाबा : आणि हे पांढरं?

मुलगी : त्याच्यावरच यायचंय. आधी पाठीला उशी घ्या.

बाबा : उशीने काय होतंय? हाडात गेलंय म्हणाले ना परवा डॉक्टर. तीस वर्षं बस चालवली, मला आपलं वाटायचं सीटने पाठ धरलीय. सगळेच ड्रायव्हर तसं म्हणतात. असो. तू बोल. आई औषधं घेऊन यायच्या आत बोलायचंय म्हणालीस.

मुलगी : दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या प्रयोगशाळेत आला होतात. आठवतंय?

बाबा : न आठवायला काय झालं! पट्टा, घड्याळ, चष्मा सगळं काढून घेतलंस. अंगात ते मागून उघडं झबलं. चाळीस मिनिटं त्या बोगद्यात पडलो होतो. ठकठक, ठकठक. त्यापेक्षा आमचं वर्कशॉप बरं. वर तू काचेपलीकडून माईकवर दम देत होतीस, ‘बाबा, हलू नका!’ आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं.

मुलगी : मला साठीच्या आसपासचे चौदा निरोगी पुरुष हवे होते. आजारी माणसांच्या फोटोंशी ताडून बघायला. एक कमी पडत होता.

बाबा : मग घरचाच धरून नेलास.

मुलगी : हो. तिथे नावं लिहीत नाहीत. तुम्ही स्वयंसेवक क्रमांक सात.

बाबा : आमच्या रूटचा नंबर याच्यापेक्षा मोठा होता.

मुलगी : बाबा, ऐका ना. प्रोस्टेट ग्रंथीच्या अगदी मागे आतडं असतं. आतड्यात हवा असली, की एमआरआयचं चित्र तिथे ताणलं जातं आणि कडेला खोटंच पांढरं गोळा होतं. कॅन्सरची गाठही त्या फोटोत पांढरीच दिसते. मग डॉक्टर फसतात. माझी पीएचडी म्हणजे तेवढंच. ते खोटं पांढरं ओळखून काढून टाकणारा प्रोग्राम. पाच वर्षं तेच केलं.

बाबा : ठाऊक आहे. डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी फोटोतला कचरा काढते.

मुलगी : हा तुमचा मूळ फोटो. आणि हा माझ्या प्रोग्राममधून काढलेला.

बाबा : इथे पांढरं गेलं. लख्ख झालंय.

मुलगी : आणि हा तीन आठवड्यांपूर्वीचा. हॉस्पिटलमधला.

बाबा : ... जागा तीच.

मुलगी : हो.

बाबा : मोठं झालंय.

मुलगी : हो.

बाबा : म्हणजे तेव्हा ती हवा नव्हती.

मुलगी : थोडी हवा होती. पण दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी आत जाताना तुम्ही म्हणालात, ‘आज पोट फुगलंय गं, तुझ्या मशीनमध्ये स्फोट होईल.’ आम्ही सगळे हसलो. मग फोटोत पांढरं दिसलं, तेव्हा मी म्हटलं, हा बाबांचा गॅस. प्रोग्रामलाही तसंच वाटलं, कारण तो मीच शिकवलाय. परका माणूस असता तर मी दोनदा पाहिलं असतं. तुमचं पाहिलंच नाही. तुम्हाला साधी सर्दी झालेली मला आठवत नाही, बाबा. तुम्ही आजारी असाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाबा : दिव्याखाली अंधार.

मुलगी : त्याहून वाईट. चौदा जणांत सगळ्यात सुंदर निकाल तुमचा आला. परिषदेतल्या पोस्टरवर मी तोच फोटो लावला. बक्षीस मिळालं.

बाबा : ज्या पोस्टरशेजारी आपण तिघं उभे राहिलो होतो?

मुलगी : तेच.

बाबा : आणि डॉक्टर कुणी बघत नाही का हे?

मुलगी : संशोधनाचे फोटो नाही बघत. तुम्ही सही केलेल्या कागदावरच लिहिलं होतं, ही तपासणी नाही, यात आजार शोधला जाणार नाही.

बाबा : मी वाचलाच नाही तो. पोटच्या पोरीने पुढे केलेला कागद कोण वाचत बसतं?

मुलगी : चूक माझी आहे.

बाबा : एक विचारतो, सरळ उत्तर दे. तेव्हा कळलं असतं तर?

मुलगी : बाबा...

बाबा : वळणं घेऊ नकोस. शंभरात किती?

मुलगी : तेव्हा ते ग्रंथीच्या आतच असावं. काढून टाकता आलं असतं. शंभरात नव्वद.

बाबा : आणि आता?

मुलगी : आता औषधांनी ताब्यात ठेवायचं. जमेल तितके दिवस.

बाबा : राग आलाय मला. तुझ्यावरच आलाय, खोटं कशाला बोलू? थोडा वेळ काही बोलू नकोस.

(मुलगी उठते. भांड्यातलं पाणी ओतल्याचा आवाज.)

बाबा : आण इकडे ते पाणी. तूही पी थोडं. किती दिवस हे मनात घेऊन फिरतेयस?

मुलगी : अठरा. नवा फोटो हातात आला त्याच दिवशी जुना काढून शेजारी ठेवला.

बाबा : म्हणून जेवत नाहीयेस होय! आई म्हणत होती, लग्नाबिग्नाचं काही असेल.

मुलगी : सोमवारी प्रबंध द्यायचाय.

बाबा : मग दे की.

मुलगी : सर म्हणतात, सात नंबर गाळून टाक. नऊ नंबरचा फोटो लाव आणि शेवटी एक ओळ घाल, पद्धतीला काही मर्यादा आहेत.

बाबा : शहाणा माणूस आहे.

मुलगी : मला सगळं लिहायचंय. तिन्ही फोटो, तारखा, मी काय समजले ते. पण क्रमांक सातला पुढे काय आजार झाला, हे तुमच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. हा त्याचा कागद.

बाबा : नाही.

मुलगी : बाबा...

बाबा : नाही म्हणजे नाही. लोक काय म्हणतील? बापाचं दुखणं डोळ्यांपुढे होतं आणि पोरीने पुसून टाकलं! जन्मभर पाठ सोडणार नाही हे. माझं काय, मी निघालोच आहे. तू कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस? होईल काय याने?

मुलगी : चौथं प्रकरण बाद होईल. वर्ष-दीड वर्ष जाईल. कदाचित पदवीच जाईल.

बाबा : बघ! एका माणसात चुकलं म्हणून...

मुलगी : पुढच्या महिन्यात हा प्रोग्राम हॉस्पिटलमध्ये बसवणार आहेत. खऱ्या पेशंटच्या फोटोंवर चालेल.

बाबा : किती पेशंट?

मुलगी : महिन्याला साठेक.

बाबा : साठ. म्हणजे गाडी फुल्ल, वर दहा-बारा उभे.

मुलगी : सगळ्यांचं नाही पुसलं जाणार. एखाद्याचंच.

बाबा : कुणाचं ते माहितीय?

मुलगी : नाही.

बाबा : तुझ्या सरांना?

मुलगी : कुणालाच कळणार नाही. फोटो लख्ख दिसेल.

बाबा : ... त्या माणसालाही वाटेल, सीटने पाठ धरलीय. पेन दे. आणि चष्मा बघ कुठाय. या खेपेला वाचणार आहे मी.

मुलगी : घाई नाही, बाबा. उद्या केली तरी चालेल.

बाबा : उद्या माझं मन फिरेल. हे काय लिहिलंय, ‘स्वयंसेवकाच्या मृत्यूनंतरही’?

मुलगी : फोटो नंतरही वापरता यावेत म्हणून. नको असेल तर ती ओळ खोडता येते.

बाबा : कशाला खोडू? राहू दे. हं, घे. सही जरा वाकडी आलीय. आता माझं एक ऐकायचं. आईला यातलं अक्षर सांगायचं नाही.

मुलगी : असं कसं? तिला कळणारच. कोंबडं झाकलं म्हणून...

बाबा : मी सांगेन माझ्या पद्धतीने. मला ती माफ करेल, छत्तीस वर्षांची सवय आहे तिला. तुला करेल की नाही, मला खात्री नाही. आणि मी गेल्यावर या घरात तुम्ही दोघीच उरणार आहात. तुमच्यात हे नको.

मुलगी : काय सांगणार तुम्ही?

बाबा : गप्प. जिन्यात पावलं वाजली.

आई : अहो, गोळ्या मिळाल्या, पण इंजेक्शन उद्या येणार म्हणतोय. दार सताड उघडं टाकून बसलात दोघं! काय गं, रडतेयस?

बाबा : मी तिला एक सांगत होतो. बस तू. दोन वर्षांपूर्वी हिच्याकडे तो स्कॅन केला ना, तेव्हाच तिथल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, एकदा दाखवून घ्या म्हणून. मी गेलो नाही.

आई : काय?

बाबा : नुकता कुठे निवृत्त झालो होतो. म्हटलं, हॉस्पिटलच्या चकरा कुठे मारत बसू?

आई : दोन वर्षं! आणि हे सहा महिने मी रोज तुमची पाठ चोळतेय. रोज विचारतेय, दाखवू या का, दाखवू या का. आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?

बाबा : चुकलं माझं.

आई : दूध उतू गेलं तर चुकलं म्हणतात! आणि तुझ्या प्रयोगशाळेतला माणूस यांना असं सांगतो, आणि तुला पत्ता नाही? का तूही सामील होतीस?

बाबा : तिला यातलं काही माहीत नाही.

आई : तुम्हाला नाही विचारलं.

मुलगी : बाबांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आई.

बाबा : अगं ए...

मुलगी : सांगायला हवं होतं ते मी. फोटो माझ्यापुढे होता. त्यातली गाठ मला गॅस वाटली आणि मी ती पुसून टाकली. बाबा खोटं बोलतायत. माझ्यासाठी.

बाबा : झालं! दोन मिनिटं दम निघाला नाही हिला.

आई : ... दुपारची गोळी घेतलीत?

बाबा : नाही अजून.

आई : घ्या आधी. आणि तू डोळे पूस. दाखव मला.

मुलगी : काय?

आई : जे पुसलंस ते.

मुलगी : हा बघ, हा मूळ फोटो. इथे, या कडेला.

आई : कुठे? मला काही दिसत नाही.

मुलगी : हे, माझ्या बोटाखाली. तेव्हा एवढंसंच होतं.