रोगट पानांचं पाकीट

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत गोकुळा उभी होती. तिच्यापुढं गिरजाबाई, आणि गिरजाबाईपुढं गावोगावच्या मोहरीवरच्या करपा रोगाचे नमुने गोळा करत फिरणारा कृषी खात्याचा साहेब. बाईनं दिलेलं पाकीट त्यानं आत्ताच उघडलं होतं.

"बाई, या पानाईवर डागच नाई."

"कसा राहीन? निवडून निवडून आणली, धुतली बी."

"मले रोगट पाहिजे होती."

"पाहुण्याच्या हातात रोगट पान देऊ?"

"तिकडं जिवती गाववाल्याईनं तर देली."

"त्याईले रीत नाई."

"ऐका बाई. जिवतीची बुरशी वेगळी, तुमच्या वावरातली वेगळी. दिसाले बहिणी, पण गुण वेगळे. तुमची तपासली नाई, तर आम्ही करप्यासाठी काढतो ते नवं बियाणं तिकडं टिकन अन् तुमच्या वावरात जळन."

"म्हंजे आमची जास्त खट्याळ हाय?"

"तेच तर पाहाचं हाय."

गिरजाबाई रांगेतून बाहेर निघाली.

"दुसरी गाडी तीन वाजता हाय. चला घरी, भात खा. तोवर आणतो डागाची पानं."

"पाकिटावर तुमचं नाव लिहितो."

"माह्यं नोका लिवू. आमच्या बुढ्याचं लिवा. त्याले लाज नाई."

गोकुळानं हसू लपवत तोंडाला पदर लावला आणि दोघं निघाल्यावर दोन पावलं पुढं सरकली.