चाळीस बायकांत एक बिल्ला

मी, वय त्रेसष्ट असावं, दाखला नाही, शिक्षण पहिली, तीही अर्धी, धंदा बाटल्या धुण्याच्या कारखान्यात मजुरी, राहणार कारखान्यामागची वस्ती, टाकीजवळ, जिन्याखालची खोली. आज गुरुवारी, कोणी बोलावलेलं नसताना, आपल्या पायांनी ठाण्यात येऊन समक्ष सांगते ते असं.

बाटल्या धुण्याच्या सरकत्या पट्ट्यावर मी एकोणीस वर्षं उभी आहे. पट्ट्यावर आम्ही चाळीस बायका. संडासला जायचं तर मुकादमाकडून पितळी बिल्ला घ्यावा लागतो. बिल्ला एकच आहे. एक परत आल्याशिवाय दुसरीने जायचं नाही. वेळ चार मिनिटं. मुकादम हातात घड्याळ धरून दाराशी उभा राहतो, म्हणून आम्ही त्यालाच घड्याळ म्हणतो. मी कामावर पाणी पीत नाही. डॉक्टर म्हणाला, आजी, खडे झालेत, भरपूर पाणी प्या. मी म्हटलं, आधी घड्याळाची परवानगी आण, मग पिते.

माझी नात त्याच कारखान्यात खोकी भरते. तिने युनियनचा अर्ज केला. पहिली सही तिची आणि पहिली मागणी बिल्ला बंद करा, ही. माझी सही त्यात नाही. ती कागद घेऊन तीनदा माझ्यापुढे बसली. मी म्हटलं, "भवाने, युनियन काय तुला जेवायला वाढणार आहे?" ती म्हणाली, "आजी, एकोणीस वर्षं दाबून धरलंयस. अजून किती धरशील?" मी भांडी घासायला घेतली.

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास माझ्या शेजारणीने बिल्ला मागितला. तिला सातवा महिना आहे. बिल्ला घड्याळाच्या खिशातच होता, बाहेर कोणी गेलेलं नव्हतं. तो म्हणाला, आज माल कमी निघालाय, जेवणाच्या सुट्टीत जा. तिने आणखी दोनदा मागितला. पावणेबाराला तिचे कपडे ओले झाले. घड्याळाने फडकं फेकलं आणि म्हणाला, "पूस, आणि हात चालव." तिला वाकता येत नव्हतं. तिने पुसलं. पट्टा चालूच होता. तिच्या वाटच्या बाटल्या मी काढल्या.

मग त्याने बिल्ला पट्ट्यावर टाकला. "घ्या, आता कोणाला जायचंय?" बिल्ला बाटल्यांबरोबर माझ्यापुढे आला. मी उचलला आणि पट्ट्याच्या दातेरी चाकात घातला. पडला नाही, घातला. पट्टा थांबला.

कंपनीची तक्रार अशी की माझ्या नातीने यंत्र मोडलं आणि संप घडवला. नात तेव्हा भिंतीपलीकडे खोकी भरत होती. तिथून चाक दिसतसुद्धा नाही. संप झाला नाही. बिल्ला गेला होता, पट्टा बंद होता, म्हणून आम्ही चाळीसच्या चाळीस जणी लघवीला गेलो. संडास दोनच, त्यामुळे वेळ लागला.

त्याच दिवशी का सांगितलं नाही, असं साहेबांनी विचारलं. घाबरले. संध्याकाळी नातीला पोलिसांच्या गाडीत बसवलं तेव्हा मी फाटकाशी होते. तोवर कोणी काय केलं ते तिला कळलेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मीही बोलले नाही. त्याला दोन रात्री झाल्या.

तिला सोडावं. तिच्या जागी मी बसते. बसायची सवय राहिलेली नाही, पण जमेल. मघाशी संडास विचारला तर शिपायाने नुसतं बोट दाखवलं, बिल्ला मागितला नाही. तेवढंही लिहावं.

साहेबांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'आम्ही संप केला' असं एका जागी आलं होतं, ते मी खोडायला लावलं. बाकी माझ्या तोंडचं आहे, खरं आहे. अंगठा चालेल असं ते म्हणाले. नातीने मला सही शिकवली होती, त्या अर्जासाठी. तिथे केली नाही. इथे करते.