नऊला दोन कमी

(जेवणाच्या सुट्टीत, घरचं स्वयंपाकघर. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं.)

धाकटा: हळू कशाला बोलू, वहिनी? सगळ्या कंपनीला कळलंय. अठराशे माणसांत दादा पहिला!

वहिनी: कशात?

धाकटा: वक्तशीरपणात. दादा! जो स्वतःच्या लग्नाला तासभर उशिरा आला.

वहिनी: तासभर नाही, पाऊण. पण हे काढलं कोणी?

धाकटा: बाहेरच्या एआयवाल्यांनी. आपल्या सिस्टिममधली हजेरी, रजा, पॅकिंग, सगळं महिन्याभरापूर्वी त्यांना जोडून दिलं.

वहिनी: कोणी दिलं?

धाकटा: मीच. साहेब म्हणाले, वेळ कुठे वाया जातो ते कळेल. काय काय द्यायचं त्याची ही लांबलचक यादी. एकेक कुठे वाचत बसू? वरच्या चौकोनात टिचकी मारली, सगळं गेलं.

वहिनी: घर झाडायला बाई ठेवताना कपाटाची किल्लीही देता का हो भाऊजी?

धाकटा: कपाटात माझाच भाऊ लपवलाय हे मला कुठे माहीत होतं? मी समजत होतो तो रजेवर आहे!

वहिनी: नव्वद दिवसांची रजा केव्हाच संपली. त्यानंतर नाव कापतात. नाव कापलं की दवाखान्याचा खर्च बंद. पाठीचं दुसरं ऑपरेशन बारा तारखेला आहे. तुम्हीच सांगा, काय केलं असतंत?

धाकटा: निदान वेळ तरी पुढेमागे करायची! एकशे अठरा दिवस रोज आठ अठ्ठावन्न? माणूस की भिंतीवरचं घड्याळ?

वहिनी: पॅकिंगवाल्यांची बोटं पुठ्ठ्यांनी झिजलेली. मशीन ठसे घेत नाही, म्हणून त्यांची हजेरी मी हाताने टाकते. उशीर लावला तर कोणी चौकशी करेल, असं वाटलं.

धाकटा: एखाद्या दिवशी ताप आणायचा.

वहिनी: आजारी माणसाला आणखी कुठे आजारी पाडू?

धाकटा: आणि खोकी? त्याच्या नावावर रोज खोकी भरलेली दिसतात.

वहिनी: बरोबरचे बाराजण आपली थोडी थोडी त्याच्या नावावर टाकतात. मी सांगितलं नव्हतं कोणाला.

धाकटा: म्हणजे तेही सापडणार. वहिनी, सोमवारी गेटच्या कॅमेऱ्याचा डेटाही तिकडे चाललाय. साहेबांना आदर्श कामगार आत येताना सगळ्यांना दाखवायचाय. एकशे अठरा सकाळी, आणि एकाही सकाळी दादा नाही.

वहिनी: परत मागवा ना! चुकून गेलं म्हणा.

धाकटा: इथलं पुसता येईल. तिकडे प्रत गेलेली आहे. पुसलं तर दोन्हीकडचं जुळणार नाही, मग आधी तेच शोधतील.

वहिनी: बंद करा ती जोडणी. तुमच्या हातात आहे.

धाकटा: केली समजा. संध्याकाळपर्यंत मला काढतील, आणि दुसरा कोणी चालू करेल. तरी म्हणत असाल तर करतो. माझ्याच टिचकीने झालंय.

वहिनी: बारा तारखेपर्यंत, भाऊजी. एकोणीस दिवस. पाया पडते तुमच्या.

धाकटा: असं करू नका हो. उठा.

थोरला: (आतून) पहिला आलो म्हणता?

वहिनी: अहो, झोपला नाहीत?

थोरला: शाळेत कधी आलो नाही. आता आलो तर झोपून. इकडे या दोघं. आणि कागद आणा.

धाकटा: दादा, काय लिहायचंय?

थोरला: बायकोचा पासवर्ड मी चोरला. घरातून मीच रोज हजेरी टाकली, खोकीही मीच वाढवली. तिला माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं.

वहिनी: आणि ऑपरेशन?

थोरला: तुझी नोकरी राहिली तर काहीतरी बघू.

वहिनी: काय बघणार? माझ्या पगारात तुमच्या गोळ्याही होत नाहीत! पाय उचलेनात तर आयुष्यभर असंच...

थोरला: बाराजणांच्या घरीही बायका आहेत गं. सोमवारी धरलं तर सगळे जातील. आज मी सांगितलं तर एकटा.

धाकटा: कागद मी नेऊन देतो.

थोरला: तू दिलास तर म्हणतील भावाने लिहून आणला. मीच जाणार. रिक्षा बोलाव, दोन्हीकडून धरा.

वहिनी: जिना उतरता येणार नाही तुम्हाला.

थोरला: बसून उतरेन, एकेक पायरी. आजची हजेरी टाकलीस का?

वहिनी: टाकली. नऊला दोन कमी.

थोरला: ती खोड. गेटवर पोचू तेव्हाची टाक.

वहिनी: तोवर दीड वाजेल. साडेचार तास उशीर.

थोरला: असू दे. उशिरा आलो की गेटवरचा वॉचमन मला लगेच ओळखेल.