हाडाचा आकडा

त्या सोमवारी बुलडाण्याच्या दवाखान्यात आम्ही तिघं होतो, मी, आमचे मालक अन् डॉक्टरीणबाई, अन् माह्या हाडाचा आकडा निघाला उणे तीन पूर्णांक एक. शून्याच्या जितकं खाली, तितकं हाड पोकळ, असं बाईनं समजावलं. माहेर माहं सुलतानपूर, लग्नात देल्ली जानेफळले, तिथं तीस वर्सं झाले म्हशीचंच करून राह्यली. कोन्ती म्हैस किती देते, फॅट किती लागली, सारं वहीत लिहिते. पन काय सांगू तुम्हाले, घरात चहा कोराच, दूध सारं डेअरीले. त्यात पस्तिसाव्या वर्सी पिशवी काढली, अंडाशयासकट, पाळी तवाच बंद. बाई म्हने, तवापासूनच हाडं झिजून राह्यले.

मले सासूच आठवली. गोठ्यात घसरली, खुबा मोडला, मंग उठलीच नाई, गेली तोवर खाटेवर, मीच तिचं सारं केलं. मालकाले म्हनलं, माहं बी तसंच होईन का हो? ते म्हने, काऊन वं भेतं, गोळी देल्ली ना बाईनं.

गोळी हप्त्यातून एक, सकाळी उपाशीपोटी. मी रविवार धरला, वहीत खूण केली, वर्सभरात एक रविवार चुकला नाई. पुन्हा हाड मोजाच्या मशिनीवर निजली, तं आकडा तोच, उणे तीन पूर्णांक एक. रडूच आलं मले. बाई म्हने, गोळी घेता कशी? म्हनलं, म्हशीच्या ताज्या दुधासंगं, पेलाभर, हाडासाठीच तं. मालकच तेवढं बाजूले काढून ठेवत. बाईनं कपाळाले हात लावला. म्हने, मावशी, दुधासंगं ही गोळी अंगी लागतच नाई, साध्या पान्यासंगं घ्या, अर्धा घंटा ताठ बसा, दूध मंग प्या. मालक म्हने, घे, इतके पेले वाया! मी म्हनलं, दूध तं माह्या पोटात गेलं हो, वाया गोळ्या गेल्या. तशी बाई बी हासली.

तवापासून पानी. सकाळी उन्हात वेशीपर्यंत चालत जाते, जड बकेट मालक उचलते. यंदा आकडा आला उणे दोन पूर्णांक आठ. बाई म्हने, गोळी चालू ठेवा, पन बरं चाललं. मी बी बरी हाय, म्हशीखाली बसते, उठते आपली आपन.

आता सुनेले पाचवा महिना हाय. ती म्हने, आई, मले दूध नाई आवडत. म्हनलं, दही खाय, खीर खाय, पन खाय व माय. रोज धार काढली का पयला अर्धा लिटर सुनेले, उरलं ते डेअरीले.