आजीच्या वाटणीला

हॅलो?… हां, बोल पिम.

नाही गं, झोपलो नव्हतो. आत्ताच कामावरून आलोय, कंपनीचा निळा शर्टसुद्धा काढला नाही अजून. बोल.

…काय हरवलंय?

अगं, आता हरवायला राहिलंय काय? घटस्फोटाच्या कागदावर सह्या झाल्या, लग्नानंतरचं सगळं निम्मं निम्मं वाटून झालं. घर तुला, गाडी मला. वॉशिंग मशीन तुला, फ्रिज मला. जोडीतली एक उशी तर तूच पिशवीत कोंबलीस. म्हणालीस, घे, हा तुझा हिस्सा. कचेरीतली कारकूनबाई तोंड दाबून हसत होती.

बरं, बरं. नाही भांडत. सांग, काय हरवलंय?

…कुठले आजोबा?

अच्छा. ते.

नाही म्हणजे… अंगणातल्या राखणदाराच्या घुमटीतले मातीचे आजोबा… मला काय माहीत? मांजरानं पाडले असतील. मागे तिथलाच हत्ती नव्हता का पाडला?

हो, हो… त्यांच्या जोडीची आजी जागेवर बसलीय, दिवा जागेवर आहे, म्हणजे मांजर नसणार. बरोबर आहे तुझं.

ओरडू नको ना! बरं बाई, मीच आणलेत. इथं चियांग माईला, माझ्या खोलीवर. फ्रिजवर बसवलेत.

का म्हणजे? राग आला होता! तू उशांची जोडी फोडलीस, मी म्हटलं राखणदारांचीही फोडू. घुमटीसुद्धा लग्नानंतरच बसवली ना आपण? आजी तुला, आजोबा मला. फिटली वाटणी.

हो, गाढवच आहे मी. तुझी आई लग्नाआधीपासून सांगत होती, तूच ऐकलं नाहीस.

…केवचं काय?

थांब, थांब. रडू नको. सावकाश सांग. पोरगी काय करते?

जेवत नाही?

म्हणजे… उदबत्ती लावल्याशिवाय जेवत नाही? अगं, एवढीशी पोर ती. रोज सकाळी तू घुमटीपुढे भात ठेवतेस, उदबत्ती लावतेस, ते बघून खेळत असेल भातुकली…

हं.

उदबत्ती संपली की हात काढून घेते? ताटात भात तसाच असला तरी?

आणि ताट तुझ्याकडे सरकवून म्हणते, "आता हे तुम्ही घ्या"? तुम्ही? आईला तुम्ही म्हणते?

…पाणी तरी पिते ना?

पाणीही नाही. फक्त घुमटीत नैवेद्याला ठेवलेला तांबडा सोडा. त्या बोटभर पेल्यातून.

पिम, हे कधीपासून चाललंय?

मी गेलो त्या दिवसापासून? मग आज सांगतेस होय!… हो. मी नंबर ब्लॉक केला होता. खरंय. आज सकाळीच काढला. चुकलंच माझं.

गुरुजींना बोलावलंस? अगं ते, पांढऱ्या कपड्यातले, घुमटी ज्यांनी बसवली ते. मग? काय म्हणाले?

…"जोडी फोडणारा आजीपुढे काय बोलून गेला ते त्याला विचारा."

…

 

बोललो होतो गं. म्हणजे… राखणदाराला न विचारता कसं उचलायचं? म्हणून मी उदबत्त्या पेटवल्या… हो, चोरी करतानाही उदबत्ती लावली, हस, हस. उदबत्त्या हातात, राग डोक्यात. आणि म्हणालो, आजी, म्हाताऱ्याला मी घेऊन चाललो. मागं या घरात जे जे उरेल ते सगळं तुझं.

हो. उदबत्त्या हातात धरूनच.

अगं, मला काय माहीत! मला वाटलं पंखे, भांडीकुंडी, तो पाय मोडलेला सोफा… केव शाळेत गेली होती. डोक्यातच आलं नाही माझ्या…

पोटची पोर डोक्यात आली नाही, हो. बोल. अजून बोल. ऐकून घेतो.

आत्ता कुठाय ती?

घुमटीच्या खाली झोपलीय? उन्हात?… हां, उतरलं असेल ऊन, इथंही उतरलंय. चपला? खांबाशी नीट जोडून ठेवल्यात? दाराशी काढतात तशा?

उठव तिला.

अगं, हाका काय मारतेस, हलव तिला! तोंडावर पाणी मार.

पिम, श्वास आहे ना? हाताला लागतोय?… हां. हां. आणि पाय गार? मातीसारखे?

शेजारच्या काकांना हाक मार, गाडी काढायला सांग… घरात नाहीत? बरं. बरं. घाबरू नको, मी आहे ना… नाही, मी तिथं नाही, माहितेय मला! ऐक, एक काम कर. घुमटीत बघ. आजोबांची जागा… रिकामी आहे ना?

बाहुली? कसली बाहुली?

आपण असली कधी आणली होती?… मी? मी का ठेवीन? मी आजोबांना उचललं आणि निघालो. …मातीची. पोरीची. पिवळ्या फ्रॉकची.

पिम. केवनं आज काय घातलंय?

अगं, बोल ना. काय घातलंय तिनं?

…

हात लावू नको! बाहुलीला अजिबात हात लावू नको. आधी उदबत्ती पेटव, मग फोन आजीच्या तोंडासमोर धर. मी बोलतो. मीच बोललो होतो, मलाच बोलायला हवं.

पेटव तू, तोवर मी आजोबांना खाली घेतो… हे बघ, हेही सांगून टाकतो. रोज झोपताना मी यांचं तोंड दाराकडे करून ठेवतो आणि रोज सकाळी हे भिंतीकडे वळलेले असतात. भिंतीपलीकडे लांपांगचा, आपल्या घराकडचा रस्ता आहे. मला वाटायचं, फ्रिजच्या थरथरीनं फिरत असतील.

पेटली? धर.

आजी… मी तोन. तुझ्या घरातला. म्हणजे, होतो.

आजी, तुझी जोडी मी फोडली. भांडण आमचं, सजा तुला. चुकलं. घर घे, पंखे घे, आंबा घे आंब्याखालच्या खुर्चीसकट. पोर नको घेऊ. पोर त्या वाटणीत नव्हती गं.

…

पिम, आत्ता तू बोललीस का?… नाही ना? बरं. काही नाही. हात हलवू नको, फोन तसाच धर.

हो, आजी. येतंय ऐकू.

हो. उदबत्तीपुढे दिलेला शब्द मागं घेता येत नाही. माहितेय मला.

म्हाताऱ्याला आणून सोडतो ना. आत्ता निघतो.

…हो, ते तुझंच होतं. तुझं तुलाच परत, ते काय देणं झालं. बरोबर आहे.

मग दुसरं काय देऊ? माझ्याकडे आहे काय आता? एक खोली, तीही भाड्याची…

…

हं.

…कायमचं?

नाही, कुरकुर नाही करत. विचारलं आपलं. झाडलोट करीन. आजोबांचे पाय चेपीन. हत्तीला पाणी पाजीन. पण पोरीला आत्ता सोड, आजी. मी पोचल्यावर नाही, आत्ता. उदबत्ती पेटलीय तुझ्यापुढे, तिच्यावर बोलतोय. अजून काय पाहिजे तुला माझ्याकडून?

…

पिम? पिम! काय झालं?

खोकतेय? केव खोकतेय?

पाणी मागतेय… साधं पाणी? अगं मग बघत काय बसलीस, दे! मोठ्या पेल्यातून दे!

"आई" म्हणाली? … रड. आता रडलीस तरी चालेल. मी आहे इथं.

बाहुली?… नाहीये ना? बरं. जागा रिकामीच राहू दे.

काय ठरलं म्हणजे? आजोबांना परत आणायचं ठरलं. … नाही, अजून काही नाही. … अगं, खरंच. माझा आवाज असाच आहे, दिवसभर एसी दुरुस्त करत गच्चीवर तळलो मी.

हो, निघतोय. आजोबांना शेजारच्या सीटवर बसवतो, पट्टा लावून. ऐक, सकाळी गाडी तुला फाटकाशी दिसेल. किल्ली आतच असेल. गाडी तूच ठेव.

मी? मी कुठं जाणार? घर तुझ्या वाटणीला, अंगण माझ्या.

हस. किती दिवसांनी हसलीस.

पिम, अजून एक. उद्या सकाळी भात ठेवायला जाशील ना, तेव्हा आजी-आजोबांच्या पायाशी एक जण बसलेला दिसेल. मातीचा, निळ्या शर्टातला. त्याला तांबडा सोडा नको ठेवूस, त्यानं दात आंबतात. काळी कॉफी ठेव. केवच्या हातून ठेवलीस तर बरं.

नाही गं. चेष्टा नाही.

पिम, ऐक तर… आजोबांनी मान वळवली बघ, दाराकडे. घाई झालीय त्यांना. ठेवतो.

आणि उदबत्ती जरा मोठी लाव. मला सावकाश प्यायची सवय आहे.